एकविसावा आठवडा

नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एका गॅलरीचा फोटो होता. वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये काचेचं बुटकं टेबल, पलीकडे निळसर डोंगर. खुर्च्यांमध्ये हातभरही अंतर नव्हतं, पण त्यांच्या सावल्या एका दिशेला पडल्या नव्हत्या. डावीची सावली सरळ कठड्याकडे गेली होती, उजवीची जरा कलून भिंतीकडे. कल्पनानं आपल्या मुलाच्या, निखिलच्या जुन्या कंपासपेटीतून कोनमापक आणला आणि फोटोवर ठेवला. फरक वीस अंशांच्या आसपास भरला. कॅमेरा तिरका धरला की फोटोतले कोन थोडे बदलतात, हे तिला माहीत होतं. पण एवढे बदलत नाहीत, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या वस्तूंचे तर नाहीतच. म्हणजे दोन्ही खुर्च्यांवर एका वेळचं ऊन नव्हतं. कुणीतरी दोन फोटो जोडून एक गॅलरी केली होती.

तिनं कोनमापक पेटीत ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं. हे कुणाला सांगावं असं घरात कुणी नव्हतं. निखिल पुण्याला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, आणि विजय रविवार असूनही सकाळी साडेसातलाच सिल्वासाच्या आमली भागातल्या कारखान्यात गेले होते. "तासाभरात येतो," असं म्हणून गेले होते. त्यांच्या तासाला साठ मिनिटांचं बंधन कधीच नव्हतं.

गॅलरी तिच्या ओळखीची होती. पाचगणीच्या वरच्या अंगाला 'गिरिछाया' नावाचं विश्रामगृह होतं, तिथली. त्या विश्रामगृहातली एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी वर्षातून सात दिवस गायधनी कुटुंबाच्या मालकीची होती. तेहतीस वर्षांसाठी, दर वर्षीचा एकविसावा आठवडा. आता कंपनीनं नवी योजना काढली होती. ठरलेला आठवडा परत करायचा, वर अठरा हजार भरायचे, की वर्षातला कुठलाही आठवडा घेता येईल. कंपनीचा माणूस त्याच दुपारी चारला घरी येणार होता. "तू तुझा तक्ता करून ठेव," असं विजयनी शुक्रवारी जेवताना सांगितलं होतं. "मागच्या वेळेसारखा. तुझ्या तक्त्याशिवाय मी कुठे सही करतो?"

तक्ता तयार होता. तयार नव्हती ती दुसरीच गोष्ट.

नेहा ही तिची नाशिकच्या कॉलेजातली मैत्रीण. दोघींनी एका बाकावर बसून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली होती. नेहानं दोन वर्षांपूर्वी नाशिकला माती आणि पाणी तपासायची खासगी प्रयोगशाळा काढली आणि द्राक्षबागायतदारांनी ती बघता बघता उचलून धरली. जानेवारीत तिचा फोन आला होता. "एप्रिलची छाटणी झाली की नमुन्यांच्या पिशव्यांनी माझी पडवी भरते गं. मला मेपासून कायमचं माणूस हवंय. तू ये." कल्पना म्हणाली होती, "ह्यांना विचारते." फेब्रुवारीत पुन्हा फोन आला, तेव्हाही तेच. परवा नेहा हसली नाही. "अगं, तीन महिने विचारतेच आहेस? मी दुसरी मुलगी बघितलीय. सोमवारी तिला हो म्हणेन. त्याआधी तुझं काय ते कळव."

सोमवार म्हणजे उद्या.

नाशिकला गंगापूर रोडवर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. भाडेकरू डिसेंबरात सोडून गेला होता. पुन्हा भाडेकरू ठेवू नका, एवढं मात्र कल्पना विजयना म्हणाली होती. ते "बरं" म्हणाले आणि का ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या दिवशीच सगळं बोलून झालं असतं, असं तिला पुष्कळदा वाटे. पण ज्यानं विचारलं नाही त्याला सांगायचं कसं, हे तिला साधत नव्हतं.

सिल्वासाला ती आली पंच्याऐंशी साली, ती दोन वर्षांसाठी. त्या काळात जो तो दोन वर्षांसाठीच येत असे. केंद्रशासित प्रदेश, करात सूट मिळते म्हणून मुंबईच्या शेठलोकांनी इथं कारखाने उभे केले, आणि मुंबई, पुणे, नाशिकची इंजिनीअर मंडळी पगार बघून आली. सूट संपली की कारखाने जातील, कारखाने गेले की आपणही जाऊ, असा हिशोब. कारखाने काही गेले नाहीत. कॉलनीतल्या बायका मुलांच्या शाळांसाठी एकेक करून आपापल्या गावी परतल्या, नवरे तेवढे इथं राहिले आणि शनिवारी दुपारी वापी स्टेशन गाठू लागले. त्याच शनिवारी संध्याकाळी उलट्या बाजूनं गाड्यांची रांग लागे. गुजरातेत दारूबंदी, म्हणून वापी, वलसाड, सुरतेची माणसं मौज करायला सिल्वासात येत. लोक सुटीला ज्या गावात येत त्या गावात विजय गायधनींना सुटी मिळत नसे.

त्यांचा कारखाना पॉलिएस्टरच्या सुताला पीळ आणि फुगवटा देणारा. एकेका मशिनवर दोनशेच्या वर धागे एका वेळी चालत. वीज क्षणभर डोळा मिटून गेली तरी सगळे धागे तुटत आणि ते एकेक करून पुन्हा ओवावे लागत. त्यामुळे विजयचा कान सतत मशिनांकडे. घर कारखान्यापासून अर्ध्या मैलावर. रात्री मशिनांची अखंड घरघर ऐकू येई. घरघर थांबली की विजय झोपेतून उठून बसत, आणि मागोमाग फोन वाजे.

अठ्ठ्याऐंशी साली वापीच्या एका हॉटेलात पहिल्यांदा ती योजना त्यांच्यासमोर आली. कंपनीनं जेवण ठेवलं होतं, पण अट एक होती: नवरा-बायको दोघांनी यायचं. कल्पनाला ती अटच फार आवडली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विजयना तिच्या शेजारी दोन तास बसवून ठेवलं होतं.

घरी येऊन तिनं तक्ता केला. पहिल्या रकान्यात ठरलेला आठवडा: चोवीस हजार, आणि दर वर्षी देखभालीचे सहाशे. दुसऱ्यात मर्जीचा आठवडा: तेहतीस हजार. तिसरा रकाना तिनं आपल्या मनानं घातला: चोवीस हजारांची बँकेत ठेव ठेवायची आणि व्याजात दर मे महिन्यात हव्या त्या गावी हॉटेलात राहायचं. ठेव पहिली आली. मुद्दल जागच्या जागी, देखभालीचा खर्च नाही, गाव बदलता येतं. तिनं तसं सांगितलं.

विजयनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाले, "तुझं गणित बरोबर आहे, पण त्यात मी कुठे आहे? ठेव माझ्याकडून रजा घेऊन दाखवेल का? बँकेतले पैसे बसलेत निवांत, मग मीही बसेन इथंच. आठवडा विकत घेतला ना, की तो वाया जातो म्हणून तरी मी निघेन. माझ्यासारख्या माणसाचे पैसे अडकवायला लागतात, बाई."

हे तिला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, असा विचार त्यांनी केला याचंच तिला बरं वाटलं. राहता राहिला प्रश्न ठरलेला आठवडा की मर्जीचा. तिथं मात्र दोघांचं एका मिनिटात एकमत झालं. कारखाना वर्षातून एकदाच पूर्ण बंद असे, मशिनांच्या दुरुस्तीसाठी, आणि तो नेहमी मे महिन्याच्या वीस तारखेनंतर. खानदेशातून आलेले कामगारही तेव्हा लग्नांसाठी गावी जात. म्हणजे एकविसावा आठवडा. जो आठवडा दर वर्षी तोच असणार त्यासाठी वरचे नऊ हजार कशाला? कल्पनानं तक्त्याखाली लिहिलं, 'दुरुस्तीबंदी: स्थिर'. प्रयोगात एखादी गोष्ट बदलत नाही असं धरून चाललं की तिला स्थिरांक म्हणतात. तपासून न बघता एखाद्या गोष्टीला स्थिरांक म्हणू नये, हे तिनं नाशिकच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर असताना मुलांना शेकडो वेळा सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी ते तिघं गेले. निखिल तेरा वर्षांचा होता. पहिल्या दोन रात्री विजय सारखे दचकून जागे होत. "काय बंद पडलं?" असं अंधारात विचारत. काही बंद पडलं नव्हतं, तिथं काही चालूच नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीतल्या खुर्चीत ते गाढ झोपले. तोंड किंचित उघडं, चष्मा छातीवर. कल्पना शेजारच्या खुर्चीत हलकेच बसली. ऊन त्यांच्या पायावरून गुडघ्यापर्यंत चढलं, तेव्हा तिनं आपला पदर जरा पसरून त्यांच्या गुडघ्यावर धरला आणि हात अवघडेपर्यंत तसाच ठेवला. सहाव्या रात्रीनंतर कारखान्यातून निरोप आला आणि ते सकाळच्या एसटीनं परतले. पण तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही. एक दिवस गेला तर गेला. बत्तीस वर्षं बाकी होती.

पुढच्या वर्षी शेठनी दुरुस्तीबंदी दिवाळीत हलवली. सुरतेचे यंत्रमाग दिवाळीत बंद असतात, तेव्हा सुताला गिऱ्हाईक नसतं; मे महिन्यात मात्र असतं. शेठचं काही चुकलं नव्हतं. पण कल्पनाचा स्थिरांक सुटला, आणि एकविसावा आठवडा विजयच्या वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा झाला.

पाच वर्षं ती निखिलला घेऊन गेली. त्यातल्या एका वर्षी विजय एका रात्रीपुरते येऊन गेले. मग निखिल मोठा झाला, त्याला मित्र झाले. "आई, तिथं करायचं काय?" असं त्यानं विचारलं. चौऱ्याण्णव साली ती एकटी गेली. पैसे भरलेत, वाया कशाला घालवायचे, असं विजयच म्हणाले. "तू तरी जाऊन ये."

गिरिछायेत खोली सोडताना भांडी मोजून द्यावी लागत. चार ताटं, चार पेले, चार चमचे. मोजायला कोंडाबाई येई. ती तिथल्याच वाडीवरची, पन्नाशीची बाई. पहिल्या वर्षापासून ओळखीची. गेल्या मे महिन्यात तिनं खण उघडला, चमचे हातात घेतले आणि एक बाजूला काढला.

"ह्यो एकच वापरलासा जनू. बाकीचं तीन हायती तशीच. धूळ बी पुसली न्हाई त्येंची."

"एकटीला एक पुरतो, कोंडाबाई."

"साहेब न्हाई आलं यंदा बी?"

"काम होतं."

"आवं, काम कुनाला सुटलंय? आमचं म्हातारं बी म्हनतंय काम हाय, आन् पारावर बसून तंबाखू मळतंय." कोंडाबाई खण लोटत हसली. मग तिच्याकडे नीट बघून म्हणाली, "राग मानू नगा, पर एकल्या मानसाला आठ दिस लई लांब पडत्यात. पुढल्या साली साहेबास्नी घिऊन या. न्हाईतर कुटं मानसात तरी जावा."

कल्पना हसली आणि तिच्या हातावर वीस रुपये ठेवून निघाली. परतीच्या एसटीत तिच्या ध्यानात आलं की त्या सात दिवसांत ती कोंडाबाईखेरीज कुणाशीही चार वाक्यांच्या वर बोलली नव्हती. आणि मग हेही ध्यानात आलं की सिल्वासातही ती तेवढंच बोलत होती. दुपारी शिकवणीला येणारी मुलं होती ती बारावी होऊन पांगली होती. शेजारच्या दोन घरांना कुलपं होती. संध्याकाळी ती अथालच्या पुलापर्यंत चालत जाई, दमणगंगेचं पाणी बघे, ते आज कारखान्यांच्या कुठल्या रंगाकडे झुकलंय याचा मनाशी अंदाज करी, आणि परत येई. कधी वाटे, एक बाटली भरून न्यावी आणि तपासावं. पण तपासायला घरात काय होतं? लिटमस कागदसुद्धा नव्हता.

एक मात्र तिनं गिरिछायेत एकटी असताना पाहिलं होतं. रात्री तिथं मशिनांची घरघर नसे, आणि तिची झोप एकदाही मोडली नव्हती.

विजय पावणेचारला आले, आणि त्यांच्या मागोमाग कंपनीचा माणूस. शंतनु नाव, पंचविशीचा, दादरचा. टाय घातलेला, आणि एप्रिलच्या उकाड्यात त्या टायमुळे अगदी जेरीला आलेला. कल्पनानं त्याला आधी पाणी दिलं, मग कोकम सरबत.

"मॅडम, वाचवलंत," तो म्हणाला. "वापीपासून रिक्षात डिझेलचा धूर खात आलोय."

"तो टाय काढा आधी," विजय म्हणाले. "इथं टाय फक्त इन्कमटॅक्सवाले घालतात. आणि इथं कारखान्यांना इन्कमटॅक्सच नाही."

शंतनु मोकळेपणानं हसला, टाय सैल करून त्यानं पुस्तिका उघडली आणि नवी योजना समजावून सांगितली. चांगलं बोलत होता. कुठलाही आठवडा, कुठलंही गाव. गोवा, उटी, मनाली. एका वर्षीचा आठवडा पुढच्या वर्षी ढकलता येतो. देखभाल तेवढी दर वर्षी.

"म्हणजे सुटीचं खातंच उघडायचं म्हणा की," विजय म्हणाले. "आता आमचं अर्थखातं बोलेल. काय गं, तक्ता?"

कल्पनानं तक्ता टेबलावर ठेवला. तीन रकाने होते. आहे ते तसंच ठेवणं, अठरा हजार भरून बदलणं, आणि विकून टाकणं. विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळालं तरी दहा हजारांवर येणार नव्हते. ते तिनं लिहिलं होतं. खाली आजवरचा खर्च होता. चोवीस हजार सुरुवातीचे, सात वर्षांची वाढत गेलेली देखभाल आठ हजार, एकूण बत्तीस.

शंतनुनं बोट फिरवत वाचलं आणि तो थांबला. "मॅडम, हे एका रात्रीला साडेचार हजार कसे आले? साडेचार हजारांत ताजमहाल हॉटेलात खोली मिळेल."

"बत्तीस हजारांना सातानं भागलंय."

"पण सात वर्षं झाली ना? सात वर्षांच्या सात साते एकोणपन्नास रात्री. भागाकार एकोणपन्नासानं करायचा. साडेसहाशे येतात. एकदम स्वस्त."

"एकोणपन्नास मिळत होत्या," कल्पना म्हणाली. "आम्ही दोघं तिथं मिळून राहिलो त्या सात. पहिल्या वर्षी सहा, आणि ब्याण्णव साली एक."

"पण तुम्ही तर दर वर्षी..."

"मी गेले होते. पण आम्ही तो आठवडा दोघांनी एकत्र राहावं म्हणून घेतला होता. ज्या कामासाठी घेतला ते काम झालं तेवढ्याच रात्री मोजायच्या. न झालेल्या रात्री भाजकात कशा घेणार?"

शंतनुनं विजयकडे पाहिलं. विजय तक्त्याकडे बघत होते. पंख्याच्या वाऱ्यानं कागदाचं टोक उडत होतं, ते त्यांनी अंगठ्यानं दाबून धरलं.

"सात," ते म्हणाले. "मला वाटत होतं जास्त असतील." मग त्यांनी मान वर करून हसण्याचा प्रयत्न केला. "बघा शंतनुसाहेब, शास्त्रज्ञाशी लग्न केलं की असं होतं. दुसऱ्याची बायको म्हणते, तुम्ही मला वेळ देत नाही. माझी भागाकार करून दाखवते."

"पण सर, म्हणूनच तर ही योजना तुमच्यासाठी आहे," शंतनु पुढे सरसावला. त्याला वाट सापडली होती. "मॅडमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आठवडा चुकीचा होता. आता तो बदलायचा. तुमची फॅक्टरी दिवाळीत बंद असते म्हणालात ना? दिवाळीचा आठवडा घ्या. दोघं जा. भाजक आपोआप वाढेल, मॅडम."

हे कल्पनालाही नाकारता येत नव्हतं. कागदावर ते अगदी बरोबर होतं. तिनं स्वतःच काल रात्री तक्ता करताना दुसऱ्या रकान्यापाशी येऊन पेन्सिल थांबवली होती. दिवाळीचे सात दिवस. धुक्यातला डोंगर, विजयचा छातीवर टेकलेला चष्मा. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं. असं झालं तर नेहाला नाही म्हणता येईल, असा विचार तिच्या मनात आला होता, आणि त्या विचारानं तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. म्हणूनच तर ती आजही गप्प होती.

विजयनी खिशातून पेन काढलं. "कुठं करायची सही?"

"इथं तुम्ही, इथं मॅडम. दोघांची लागते." शंतनुनं अर्ज फिरवून समोर ठेवला. "आणि या वर्षीचा आठवडा आत्ताच सांगून ठेवा सर, दिवाळीची बुकिंगं लवकर भरतात."

"यंदा नको," विजय सही करता करता म्हणाले. "यंदाच्या दिवाळीत गलोंड्याची मशिनं चालू व्हायचीत. यंदाचा पुढे ढकला. पुढच्या वर्षीही तसं सांगता येत नाही, नवीन युनिट म्हणजे लहान पोरासारखं असतं, पहिली दोन वर्षं रात्रीची झोप नाही. पण ढकलता येतात म्हणालात ना? साठू देत. मग एकदम महिनाभर जाऊ."

कल्पनानं विचारलं, "गलोंडा तुम्ही घेतलंत?"

गलोंड्याला शेठ दुसरा कारखाना बांधत होते. त्याची जबाबदारी घ्याल का, असं त्यांनी दिवाळीतच विजयना विचारलं होतं. विजय तेव्हा घरी येऊन म्हणाले होते, नाही म्हणणार आहे. अठ्ठेचाळिशी झाली, पुरे. त्यानंतर घरात तो विषय निघाला नव्हता. तिनं नाशिकचा विषय काढला नव्हता तसा.

"मंगळवारी शेठ आले होते," विजय म्हणाले. "तिथं दुसरं कुणी नाहीच गं. समाधान चांगला आहे, पण तो शिफ्टपुरता. आणि दोन वर्षांचाच प्रश्न आहे. सांगणारच होतो तुला."

"मंगळवारी."

"हो, मग मध्ये वीज दोनदा गेली, ते राहूनच गेलं." त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं. "कर सही. ह्यांना संध्याकाळची गाडी गाठायचीय."

तिनं पेन घेतलं नाही. टेबलावर तक्ता होता, त्याच्या शेजारी पुस्तिका, पुस्तिकेवर त्या दोन खुर्च्या. ती शांतपणे ते सगळं बघत होती. राग आला असता तर सोपं झालं असतं, पण राग येत नव्हता. मंगळवारी त्यांचं सांगायचं राहून गेलं, आणि तिचं तर जानेवारीपासून राहून गेलं होतं. दोघांनी एकाच घरात राहून आपापली बातमी एकट्यानं सांभाळली होती. तीन महिने ती 'विचारायचं, विचारायचं' म्हणत होती. विजयनी तिला विचारलं नव्हतं. त्यांनी ठरवलं होतं आणि सांगायचं राहिलं होतं, एवढंच. तसंही करता येतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

अचानक पंखा मंदावला आणि थांबला. बाहेरची घरघरही थांबली. विजयनी कान टवकारले. शंतनुला कळलं नाही काय झालं, तो इतर दोघांकडे बघू लागला. दोन-तीन क्षणांत पंखा पुन्हा फिरू लागला. घरघर मात्र परत आली नाही. विजय अर्धवट उठलेच होते, तेवढ्यात फोन वाजला.

"समाधान असणार," असं म्हणत त्यांनी फोन उचलला. "बोल."

पलीकडचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. "साहेब, लाईट जाऊन आली. दोन नंबर, तीन नंबर, दोन्ही मशीन बंद पडेल आहेत. सगळे धागे तुटेल आहेत. तुम्ही येता का?"

"पाच मिनिटांत निघतो," विजय म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला. चपला शोधायला ते खाली वाकले. "कल्पना, तू सही करून दे त्यांना. आणि सरबत दे अजून. मी तासाभरात येतो."

"थांबा," कल्पना म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण या घरात, धागे तुटलेले असताना, विजयना कुणी कधी थांबा म्हटलं नव्हतं. ते एका पायात चप्पल घातलेले तसेच सरळ झाले.

"आलोच मी जाऊन. संध्याकाळी बोलू."

"संध्याकाळी पुन्हा फोन येईल. एक मिनिट लागेल मला."

फोन परत वाजू लागला. विजयनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचा हात रिसीव्हरवर गेला आणि तिथंच थांबला. फोन हाताखाली वाजत राहिला. शंतनु आपले कागद गोळा करू लागला होता, तोही थांबला. कल्पनानं तक्त्याची घडी केली, ती बोटांनी दाबून सपाट केली आणि उभी राहिली.

"एक मेपासून मी नाशिकला राहणार आहे," ती म्हणाली. "नेहाच्या प्रयोगशाळेत काम धरतेय, उद्या सकाळी तिला हो म्हणून कळवणार आहे. गंगापूर रोडचा फ्लॅट उघडते. तुम्ही शनिवारी येत जा, बाकीच्यांसारखे. आलात तर मला बरं वाटेल. पण इथं तुमची वाट बघत मी आता राहणार नाही."